हॅरियर ईव्ही की एक्सईव्ही ९ई : शंभरचा वेग आधी कोण गाठतं?

देऊळगाव राजा : शेजारच्या सिंदखेड राजाजवळून समृद्धी महामार्ग जातो. त्यामुळे मोठी गाडी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, पिकअप कसा आहे? पुणे परिसरात तयार होणाऱ्या दोन महागड्या इलेक्ट्रिक एसयूव्हींचा हा हिशोब.

कंपन्यांच्या आकड्यांनुसार महिंद्राची एक्सईव्ही ९ई शून्यावरून ताशी १०० किलोमीटरचा वेग ६.८ सेकंदांत गाठते, तर टाटाची हॅरियर ईव्ही ६.३ सेकंदांत. म्हणजे फरक अर्ध्या सेकंदाचा.

हा फरक मोटरमुळे पडतो. महिंद्रात एकच मोटर असून ती मागची चाकं फिरवते. हॅरियरच्या फोर व्हील ड्राइव्ह मॉडेलमध्ये पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटर आहेत. ६.३ चा आकडा याच मॉडेलचा आहे. एका मोटरची हॅरियर घेतली तर हा पिकअप मिळणार नाही. शिवाय पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर चारही चाकांना जोर मिळणं, हे त्या अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त कामाचं.

आता थांबण्याचं बघू. समृद्धीवर कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. ब्रेकवर पाय जाईपर्यंत तेवढं अंतर संपतं. कोरड्या रस्त्यावरही गाडी पूर्ण थांबायला साधारण १०० मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. म्हणून टेस्ट ड्राइव्ह घेताना पिकअप बघाच, पण मोकळ्या रस्त्यावर ब्रेकही दाबून बघा.