कडाक्याच्या थंडीत सुपरचार्जर कुरकुरतो, तेव्हा मोबाईलवर काय बघायचं?

थंड हवा इंजिनाला आवडते, हे तुम्ही ऐकलं असेलच. आणि ते खरं आहे. हवा जितकी थंड तितकी दाट. ३० अंश सेल्सिअसच्या हवेपेक्षा उणे २० अंशांची हवा जवळपास २० टक्के दाट असते. म्हणजे त्याच सिलिंडरमध्ये जास्त ऑक्सिजन, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. मग सुपरचार्जरवाल्या दणकट गाड्या नेमक्या थंडीतच का रुसतात? कारण हवा सोडली तर गाडीतल्या बाकी कशालाच थंडी मानवत नाही. रबर कडक होतं, ऑइल घट्ट होतं, बॅटरी सुस्तावते.

मी अमेरिकेत मिशिगनला राहतो. इथे जानेवारीत पारा उणे १५ ला गेला तर कुणी भुवई उंचावत नाही. माझ्या रूममेटकडे एक जुनी सुपरचार्जरवाली व्ही-८ गाडी आहे. गेल्या हिवाळ्यात ती सकाळी चालू केली की थरथरायची, चेक इंजिनचा दिवा लागायचा आणि बॉनेटखालून शिट्टीसारखा आवाज यायचा. एका गॅरेजने आवाज ऐकूनच निदान केलं: सुपरचार्जरचं बेअरिंग गेलंय, अख्खं युनिट बदला. खर्च साडेचार हजार डॉलर! गाडीच त्याने नऊ हजारांना घेतलेली. तेव्हा पैसे भरायच्या आधी आम्ही मोबाईल काढला.

सुपरचार्जर नेमकं करतो काय?

टर्बो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो. सुपरचार्जर थेट इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरतो आणि हवा इंजिनात कोंबतो. आमच्या गाडीतला रूट्स प्रकारचा. ही कल्पना मोटारगाडीपेक्षाही जुनी आहे. इंडियानातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्येच अशा ब्लोअरचं पेटंट घेतलं होतं.

आता यातला कळीचा भाग: बायपास व्हॉल्व्ह. गाडी सिग्नलला उभी असताना किंवा आरामात चालताना जादा हवेची गरज नसते. तेव्हा इंजिनाचा व्हॅक्यूम एका बारीक रबरी नळीतून हा व्हॉल्व्ह ओढून उघडा ठेवतो आणि ढकललेली हवा परत फिरून ब्लोअरच्या तोंडाशी येते. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम जातो, स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते आणि खरा जोर मिळतो. ही नळी लक्षात ठेवा.

आधी गाडी चालू न करता बघा

अमेरिकेत १९९६ पासून विकल्या गेलेल्या प्रत्येक कारमध्ये स्टिअरिंगखाली ओबीडी-२ चं सॉकेट असतं. भारतातल्या आजच्या गाड्यांनाही ते आहे. त्यात एक छोटा डोंगल खोचायचा, तो ब्लूटूथने फोनला जोडायचा. (आयफोनवाल्यांनो, जुना ब्लूटूथ डोंगल तुमच्याकडे चालत नाही, वाय-फाय किंवा ब्लूटूथ एलईवाला घ्या.) ॲपमध्ये इंजिनाचे आकडे लाइव्ह दिसतात.

माझ्या मते सगळ्यात भारी चाचणी फुकट असते आणि बहुतेक लोक ती करतच नाहीत. गाडी रात्रभर उघड्यावर राहू द्या. सकाळी इग्निशन ऑन करा, पण इंजिन चालू करू नका. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान, दोन्ही आकडे बाहेरच्या तापमानाच्या आसपासच हवेत. बाहेर उणे १५ असताना एखादा सेन्सर अधिक २० सांगत असेल तर तो थापा मारतोय, आणि इंजिनाचा कॉम्प्युटर त्या थापेवर विश्वास ठेवून पेट्रोल कमी सोडणार. (इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर लावला असेल तर मात्र ही चाचणी बाद.) तसंच मॅनिफोल्ड प्रेशरचा आकडा यावेळी बाहेरच्या हवेइतका, म्हणजे समुद्रसपाटीला साधारण १०० किलोपास्कल हवा.

मग व्होल्टेज. धडधाकट बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. स्टार्टर फिरताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर आधी बॅटरी तपासा, कारण कमी व्होल्टेजमुळे भलतेसलते कोड उगवतात आणि माणूस नको तिथे शोधत बसतो. थंडीत बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते. तुमचा फोनही बर्फात ३० टक्क्यांवरून अचानक बंद पडतो ना, तोच प्रकार.

कोड म्हणजे निदान नव्हे

आमच्या गाडीत दोन कोड होते: पी०१७१ आणि पी०१७४. अर्थ असा, की व्ही-८ च्या दोन्ही बाजूंना हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. दोन्ही बाजू एकदम आजारी म्हणजे एखादा इंजेक्टर बिघडलेला नाही. कारण दोघींत सामाईक असणार.

इथे फ्युएल ट्रिम नावाचा आकडा कामाला येतो. कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय, ते तो सांगतो. गाडी जागेवर उभी असताना तो अधिक २२ होता, २५०० आरपीएमला अधिक ५. हा फरक बोलका आहे. पेट्रोलचा पंप कमजोर असता तर जोर वाढल्यावर आकडा वाढला असता. इथे उलटं, म्हणजे कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरतेय. आयडलला इंजिन मुळातच थोडी हवा घेतं, त्यात ही चोरटी हवा मोठी ठरते. वेग वाढला की तिचा वाटा नगण्य होतो.

आणखी एक गोष्ट दिसली. ४० मिनिटं हायवेवर चालवल्यावर आयडलचा आकडा अधिक ८ वर आला आणि शिट्टीही कमी झाली. गरम झाल्यावर बेअरिंग बरं होत नाही! रबर मात्र मऊ होतं आणि भेग मिटते. ऊबदार गॅरेजमध्ये तपासणाऱ्याला म्हणूनच काही दिसलं नसणार.

दुसऱ्या गॅरेजला आम्ही एवढंच सांगितलं: गाडी रात्रभर बाहेर ठेवा आणि आत घेतल्या घेतल्या स्मोक टेस्ट करा. यात इनटेकमध्ये हलक्या दाबाने धूर सोडतात. धूर निघाला तो बायपास व्हॉल्व्हच्या त्या नळीतून. व्हॅक्यूम गळत असल्याने व्हॉल्व्ह धड उघडत नव्हता, ब्लोअर आयडललाही हवा दाबत बसला होता, म्हणून शिट्टी. नळी आठ डॉलरची, तपासणीचे दीडशे.

तुमच्याकडे पी०२९९ आला, म्हणजे बूस्टच कमी पडत असेल, तर मी आधी पट्टा बघेन. जोर देताना किंचाळत असेल तर तो घसरतोय. इंटरकूलरचं कूलंट बऱ्याच गाड्यांत वेगळ्या टाकीत असतं. उन्हाळ्यात कुणी त्यात नुसतं पाणी ओतलं असेल तर ते गोठतं, सुमारे ९ टक्के फुगतं आणि रेडिएटर फोडतं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी हे मिश्रण साधारण उणे ३७ पर्यंत टिकतं. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. आणि समर टायर ७ अंशांखाली कडक होतात. ७०० हॉर्सपॉवर असली तरी चाकं जागच्या जागी फिरत राहतील.

एक गंभीर गोष्ट. हे सगळं करताना बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, शटर अर्धवट उघडं ठेवूनही नाही. थंड इंजिन जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडतं, आणि त्याला वास नसतो.

काम झालं की डोंगल काढून घ्या. गाडी बंद असतानाही तो थोडी थोडी वीज खातो, आणि आठवडाभर बर्फात उभ्या राहिलेल्या गाडीला तेवढंही पुरतं.