‘पाठवला’ म्हणजे ‘पोहोचला’ नव्हे
कॅडेट, इयत्ता दहावी

माझं घर भिलाईला. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि छत्तीसगढी. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तर काकांचं तोंड उतरलेलं. काकांचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. नागपूरच्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी कोटेशन मेल केलं होतं. मुदत सोमवारी पाचची. मंगळवारी सकाळी फोन केला, तेव्हा पलीकडून उत्तर आलं, “तुमचं कोटेशन आलंच नाही.”

काकांनी मला ‘सेंट’चा फोल्डर दाखवला. मेल तिथे होता, तारीख आणि वेळेसकट. “अरे, मी पाठवलाय. मग गेला कुठे?” या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला आणि माझ्या चुलत ताईला दोन दिवस लागले. ताई इंजिनिअरिंगला आहे. ती मशीनवर बसली आणि मी वहीत टिपणं घेतली. ती टिपणं या लेखात मांडतो आहे.

मेल कसा जातो?

आपण ‘सेंड’ दाबतो तेव्हा मेल थेट समोरच्याकडे जात नाही. आधी तो आपल्या मेल सर्व्हरकडे जातो. हा सर्व्हर म्हणजे आपलं पोस्ट ऑफिस. तो पत्त्यातल्या ‘ॲट’ चिन्हानंतरचा भाग, म्हणजे डोमेन, वाचतो आणि डीएनएसला विचारतो की या डोमेनची टपाल कोण घेतं? डीएनएस ही इंटरनेटची नावं आणि नंबरांची डिरेक्टरी. तिच्यातली एमएक्स नावाची नोंद याचं उत्तर देते. मग आपला सर्व्हर त्या सर्व्हरला पंचवीस नंबरच्या पोर्टवर हाक मारतो.

दोघांचं बोलणं अगदी परेडसारखं ठरलेलं असतं. आधी नमस्कार, मग ‘पाठवणारा अमुक’, मग ‘घेणारा तमुक’, मग मजकूर आणि शेवटी एका ओळीत फक्त एक टिंब. प्रत्येक वाक्याला समोरून तीन आकडी उत्तर येतं. २ ने सुरू होणारा आकडा म्हणजे मंजूर. ४ ने सुरू होणारा म्हणजे आत्ता नाही, नंतर ये. ५ ने सुरू होणारा म्हणजे नाहीच, परत जा. या पद्धतीला एसएमटीपी म्हणतात. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली तिचा नियम लिहिला.

त्या काळी जाळ्यावर थोड्या संस्था होत्या आणि एकमेकांवर भरवसा होता. आपल्याकडे शिक्षणसंस्थांना जोडणारं अर्नेट १९८६ मध्ये सुरू झालं. टेलिफोनच्या डायल-अप लाइनवरून सुरुवातीला मेल पाठवणाऱ्यांत मुंबईतल्याच दोन संस्था होत्या, जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून. नंतर फसवे मेल इतके वाढले की सर्व्हर अनोळखी माणसाला दारातच ओळखपत्र मागू लागले. काकांचा मेल तिथेच अडकला होता.

रांगेत उभा असलेला मेल

काकांचा सर्व्हर भाड्याच्या मशीनवर चालतो. त्यावर पोस्टफिक्स हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. ताईने पासवर्ड बदलला नाही की काही नव्याने बसवलं नाही. तिने आधी लॉग उघडला. ती म्हणाली, “डॉक्टर आधी नाडी बघतात. सर्व्हरची नाडी म्हणजे लॉग.”

शुक्रवार संध्याकाळची ओळ सापडली. तिच्यात ४५० हा आकडा होता आणि पुढे अर्थ असा, की तुझ्या नंबरावरून तुझं नाव सापडत नाही. म्हणजे मेल हरवला नव्हता आणि नाकारलाही गेला नव्हता. तो काकांच्याच सर्व्हरवर रांगेत उभा होता. पोस्टफिक्स सुरुवातीला काही मिनिटांनी आणि मग जास्तीत जास्त ४,००० सेकंदांनी, म्हणजे साधारण ६७ मिनिटांनी, पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहतो. असं तो पाच दिवस करतो आणि मग मेल परत करतो.

मी विचारलं, “ताई, मग काकांना हे कळलं कसं नाही?” तिने सेटिंग दाखवलं. मेलला उशीर होतोय हे पाठवणाऱ्याला कळवायची सोय पोस्टफिक्समध्ये आहे, पण मुळात ती शून्यावर, म्हणजे बंद असते. सर्व्हर तीन दिवस प्रयत्न करत होता आणि कुणाला काही सांगत नव्हता.

नाव का सापडलं नाही?

दोन महिन्यांपूर्वी काकांनी मशीन बदललं होतं. मशीन बदललं की त्याचा आयपी नंबर बदलतो. डीएनएसमध्ये नावावरून नंबर सापडतो, तशी नंबरावरून नाव सांगणारी उलटी नोंदही असते. तिला पीटीआर म्हणतात. नव्या नंबराची ही नोंद कुणी केलीच नव्हती. गंमत म्हणजे ती आपण आपल्या डोमेनच्या पानावर करू शकत नाही. ज्याच्या मालकीचा नंबर, त्याच्याकडेच, म्हणजे मशीन भाड्याने देणाऱ्याकडेच ती मागावी लागते. नाव आणि नंबर दोन्ही बाजूंनी जुळले पाहिजेत.

आणखी एक चूक निघाली. एसपीएफ नावाच्या नोंदीत जुन्याच मशीनचा नंबर होता. एसपीएफ म्हणजे गेटवरची यादी. या डोमेनच्या नावाने कुठल्या मशीनने मेल पाठवायचा, हे तिच्यात लिहिलेलं असतं. आपल्या शाळेच्या गेटवर गार्डकडे मागच्या वर्षीची यादी असेल, तर नव्या कॅडेटचं काय होईल? तसंच झालं होतं. बाकीच्या गिऱ्हाइकांचे सर्व्हर एवढे कडक नव्हते. तिथे मेल जात होते, काही स्पॅममध्ये पडत होते. म्हणून काकांना दोन महिने शंकाही आली नाही.

तिसरी गोष्ट डीकेआयएम. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. आज देशभरातल्या रेल्वेचे रूळ इथे बनतात. रुळाच्या अंगावर बनवणाऱ्याची खूण आणि वर्ष उमटवलेलं असतं, त्यामुळे रूळ कुठेही गेला तरी तो कुणाचा हे कळतं. डीकेआयएम ही मेलवरची अशीच खूण, आणि ती रुळावरच्या खुणेपेक्षा पुढची आहे. वाटेत मजकुरात फेरफार झाला तर ती जुळत नाही. काकांच्या मेलवर ती नव्हतीच.

चौथी नोंद डीमार्क. आपल्या नावाने आलेल्या मेलची एसपीएफ किंवा डीकेआयएमशी ओळख पटली नाही तर त्याचं काय करायचं, हे ती समोरच्याला सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी खूप मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या आहेत.

दुरुस्ती

मंगळवारी रात्री ताईने पीटीआरची मागणी नोंदवली. एसपीएफमध्ये नवा नंबर घातला. डीकेआयएमची जोडी तयार केली. तिच्यातली गुप्त किल्ली सर्व्हरवर राहते आणि उघडी किल्ली डीएनएसमध्ये जाते. डीमार्क आधी ‘फक्त कळवा, अडवू नका’ एवढाच ठेवला. उशिराची सूचना चार तासांवर लावली. शेवटी तिने एक गोष्ट तपासली. बाहेरचा कुणीही आपल्या सर्व्हरवरून तिसऱ्यालाच मेल पाठवू शकतो का? तसं दार उघडं राहिलं तर स्पॅमवाले ते वापरतात आणि आपला नंबर काळ्या यादीत जातो. ते दार बंद होतं.

डीएनएसमधले बदल लगेच सगळीकडे दिसत नाहीत, कारण जुनं उत्तर काही काळ लक्षात ठेवलेलं असतं. बुधवारी दुपारी लॉगमध्ये २५० हा आकडा आला. शुक्रवारचं कोटेशन नागपूरला पोहोचलं, पण मुदत संपून दोन दिवस होत आले होते. ऑर्डर दुसऱ्याला गेली होती.

काका चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, “बाळा, एक फोन शनिवारी केला असता तर?” वर्कशॉपमध्ये चार कामगार आहेत. त्या ऑर्डरवर त्यांचं दोन महिन्यांचं काम होतं. मला तेव्हा कळलं की डीएनएसमधली एक राहून गेलेली ओळ घरापर्यंत येते.

कॅडेट मित्रांनो, पुढे कधी मेल अडला तर हा क्रम लक्षात ठेवा. आधी लॉग वाचा आणि आकडा बघा. ४ असेल तर रांग तपासा, ५ असेल तर कारण वाचा. मग एमएक्स, पीटीआर, एसपीएफ आणि डीकेआयएम क्रमाने पाहा. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. मशीन बदललं तर या सगळ्या नोंदी त्याच दिवशी बदला. पालकांनाही एक विनंती. प्रवेशाचा अर्ज किंवा फीची पावती मेल केलीत, तर पोहोच मिळेपर्यंत काम झालं असं समजू नका.

वायरलेसवर आपण संदेश देतो आणि समोरून ‘रॉजर’ येईपर्यंत थांबतो. ‘रॉजर’ आला नाही तर पुन्हा देतो. काकांनी आता भिंतीवर एक वही टांगली आहे. तिच्यात तीन रकाने आहेत: पाठवला, फोन केला, मिळाला. तिसऱ्या रकान्यात खूण झाल्याशिवाय ते वर्कशॉपला कुलूप लावत नाहीत.