बाप, लेक आणि मुक्तांगण

२७ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात डॉ. अनिल अवचट गेले. लेखक, पत्रकार, कार्यकर्ते म्हणून महाराष्ट्राने त्यांना निरोप दिला. तिन्ही ओळखी खऱ्याच. पण मला त्यांच्या आयुष्याचा मागोवा घ्यावासा वाटतो तो बाप म्हणून. पत्नी डॉ. सुनंदा यांच्यासह त्यांनी उभारलेल्या व्यसनमुक्ती केंद्राचं मूळ मला त्यांच्या बापपणातच दिसतं.

अवचट जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे, जन्म १९४४चा. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले आणि तिथेच त्यांची सुनंदाशी गाठ पडली. पुढे सुनंदा मनोविकारतज्ज्ञ झाल्या आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करू लागल्या. अवचटांनी मात्र डॉक्टरकी सोडली. बिहारच्या दुष्काळात फिरून त्यांनी ‘पूर्णिया’ लिहिलं आणि मग हमाल, विडी कामगार अशा कष्टकऱ्यांमध्ये बसून, त्यांचं ऐकून ते लिहीत राहिले. अशा लेखनावर घर चालत नाही. तेव्हा दोघांनी ठरवलं, की सुनंदांच्या पगारावर संसार चालवायचा. अवचटांनी लिहायचं आणि मुलींकडे बघायचं.

बायको कमावते आणि नवरा घरी पोरं सांभाळतो, म्हटलं की आजही लोक नावं ठेवतात. मग सत्तरच्या दशकाची गोष्ट सोडाच. अवचटांनी त्यात कमीपणा मानला नाही. ‘स्वतःविषयी’ या पुस्तकात घरातलं हे सगळं त्यांनी आडपडदा न ठेवता मांडलं. मुक्ता आणि यशोदा या दोघी मुली महापालिकेच्या मराठी शाळेत शिकल्या. घरात बाबा स्वयंपाक करायचे, बासरी वाजवायचे, लाकडातून शिल्पं कोरायचे. ओरिगामी तर त्यांच्या हातातच होती. चौकोनी कागद घ्यायचा, कात्री नाही, डिंक नाही. घडीवर घडी घालत जायची आणि बघता बघता त्याचा पक्षी नाहीतर प्राणी व्हायचा. समोर बसलेलं मूल आपसूक दुसरा कागद उचलायचं. असं शिकवताना रागवायची वेळच येत नाही.

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द म्हणजे ब्राउन शुगर आली. चांगल्या घरातली पोरं हातची जाऊ लागली. अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. उपचारांची आणि कारभाराची सगळी धुरा सुनंदांनी वाहिली. तिथली मंडळी त्यांना ‘मॅडम’ म्हणत आणि अवचटांना ‘बाबा’. घरातलीच हाक केंद्रातही आली.

मुक्तांगणचे उपचार ३५ दिवसांचे. अंगातलं विष उतरायला काही दिवस पुरतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं. दिनक्रम, योगासनं, गटात बोलणं, समुपदेशन. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच नव्याने आलेल्यांना आधार देतात. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा पायाही हाच आहे: त्या वाटेने गेलेल्याचं बोलणं पटतं, उपदेश पटत नाही. व्यसनी माणसाच्या बायकोसाठी ‘सहचरी’ गट सुरू झाला, कारण नवऱ्याच्या दारूने तीही आजारी पडलेली असते. आलेल्या माणसाला गुन्हेगार न मानता घरचा माणूस मानायचं, ही अवचटांच्या घराची रीत मुक्तांगणचीही रीत झाली.

१० फेब्रुवारी १९९७ रोजी सुनंदा कर्करोगाने गेल्या. मानसशास्त्र शिकलेली मुक्ता तेव्हा विशीत होती. तिने आईच्या कामाची जबाबदारी घेतली. बाबा पाठीशी राहिले, पण खुर्चीत बसून तिला आज्ञा देत राहिले नाहीत. मुक्ता पुणतांबेकर आज संस्थेचा कारभार पाहतात; २००९ पासून स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभागही सुरू आहे. लेकीवर भरवसा टाकून तिला तिच्या पद्धतीने वाढू देणं हे मोठ्या बापालाच जमतं.

हे मी लिहितोय मुंबईच्या खारदांड्यातून. आमच्या कोळीवाड्यात घराला घर चिकटलेलं. रात्रीचं भांडण शेजाऱ्याला सकाळी सांगावं लागत नाही. तरीही पोरगा पावडरीच्या नादी लागला, की आई म्हणते, “मामाकडे गेलाय.” बाप हात उगारतो, मग हात टेकतो. ही गोष्ट फक्त आमच्या वस्तीची नाही; समुद्राकडच्या उंच इमारतींतही हेच चालतं, फक्त दारं बंद असतात. अवचटांच्या आयुष्यातून बापांनी घ्यावं असं काही असेल तर ते हे: पोराशेजारी बसायला वेळ काढा आणि ऐका. मार आणि अबोला, दोन्हींनी व्यसन सुटत नाही. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. घरात कुणी अडकलं असेल तर लपवू नका. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ आहे; फोन करायला पैसे पडत नाहीत.