हायलाइट्समधून ऑपेरा कळतो का?

हायलाइट्स म्हटलं की होस्टेलवर एकच गोष्ट आठवते, क्रिकेट! चौकार, षटकार, विकेट, आणि मधल्या निर्धाव ओव्हर्स गायब. गाण्यातही हेच चालतं, हे मला टेंभी नाक्याच्या आमच्या जुन्या घरी कळलं. आजोबा गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना दोन गोष्टी सापडल्या. एक ‘संगीत मानापमान’च्या पदांची कॅसेट आणि दुसरी चायकोव्हस्कीच्या ‘येवगेनी अनेगिन’ या रशियन ऑपेराच्या हायलाइट्सची सीडी.

ऑपेरा म्हणजे गाऊन सादर केलेलं नाटक. पुश्किनच्या पद्यकादंबरीवरचा हा ऑपेरा १८७९ साली मॉस्कोत पहिल्यांदा झाला, तोही संगीत महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केलेला! पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं.

आता गणित बघा. पूर्ण ऑपेरा साधारण अडीच तासांचा आणि एका सीडीवर मावतात फार तर ८० मिनिटं. म्हणजे जवळजवळ निम्म्याला कात्री लागणारच. उरतं काय? तात्याना रात्रभर जागून अनेगिनला प्रेमपत्र लिहिते तो प्रवेश, द्वंद्वयुद्धाआधीचं लेन्स्कीचं गाणं, मेजवानीतलं नाचाचं संगीत. आपल्याकडेही तेच. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. नाट्यगृहात वन्समोअर घेत रंगणारं बालगंधर्वांचं पद तेवढ्यात बसवावं लागे.

फरक एवढाच की संगीत नाटकात मधले संवाद गद्य असतात, त्यामुळे पद सुटं काढता येतं. ‘अनेगिन’मध्ये संवादही गातात, आधीचे सूर पुढे परत येतात. अनेगिन तात्यानाला नाकारतो. काही वर्षांनी ती दुसऱ्याची बायको म्हणून भेटते, तेव्हा हा प्रेमात पडतो. आणि त्या क्षणी तो गातो ती चाल तिच्याच पत्राच्या प्रवेशातली! माझ्या सीडीत नेमका हाच तुकडा नव्हता. पूर्ण ऑपेरा ऐकला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

मग ती कॅसेट आठवली. खाडिलकरांच्या ‘मानापमान’मध्ये (१९११) श्रीमंत भामिनी गरीब म्हणून धैर्यधराला झिडकारते, एवढंच मला माहीत. पदं ऐकून ऐकून पाठ आहेत, पण कुठलं अपमानाआधीचं आणि कुठलं नंतरचं, पत्ता नाही. आजोबा सांगायला लागले की मी हेडफोन लावायचो. आता विचारायला ते नाहीत.

म्हणून सांगतो, हायलाइट्स जरूर ऐका, पण आधी गोष्ट वाचून घ्या. आवडलं तर एखाद्या रविवारी पूर्ण ऑपेरा ऐका. गडकरी रंगायतनला संगीत नाटक लागलं तर जाऊन बघा, टेंभी नाक्यावरून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आणि सुट्टीत घरी गेलात की आजी-आजोबांना विचारा, “या पदाच्या आधी काय होतं हो?” मधल्या ओव्हर्स त्यांनाच ठाऊक असतात.