खेळातील श्वापद आणि माळावरील लांडगा

गेल्या सहामाहीच्या सुमारास नववीतील एका विद्यार्थ्याची वही आमच्या हाती आली. भूगोलाचा तास चालू असता तो ती मांडीवर ठेवून काहीतरी लिहीत होता. आम्ही ती काढून घेतली व मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत नेऊन उघडली. पहिल्या पानावर मथळा होता, 'अंजानाथ'. नावावरून आम्हांस तो कोणी नाथपंथी जोगी वाटला. खाली मात्र, ज्या मुलाचे अक्षर शास्त्राच्या प्रयोगवहीत कधी ओळीवर बसले नाही त्याच मुलाच्या सुवाच्य हस्ताक्षरात, पुढील नोंदी होत्या : घशात लाल उजेड दिसू लागला की समोर उभे राहू नये, बगलेस पळावे. शेपटी फिरविल्यावर तो क्षणभर थांबतो. तेव्हा एकच घाव घालावा, दुसरा घालू नये. पाण्याच्या शस्त्राने अधिक जखमी होतो. थकला की तोंडातून लाळ गळते. अशी वीस-बावीस पाने, आणि दर पानावर निराळे श्वापद.

आम्ही मुलाच्या वडिलांस बोलावून घेतले. ते येथील कारखान्यात फिटर आहेत. त्यांचा थोरला मुलगा अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो. त्याच्यासाठी घेतलेल्या संगणकावर धाकटा संध्याकाळी हा खेळ खेळतो, असे त्यांनी सांगितले. "सर, तुम्ही म्हणाल तर उद्यापासून बंद करतो. संगणक विकूनच टाकतो," असे ते म्हणाले, आणि त्यांच्या मुद्रेवरून ते तसे करतील याविषयी आम्हांस शंका राहिली नाही. आम्ही त्यांस महिनाभर थांबावयास सांगितले. जी वस्तू आपण स्वतः पाहिली नाही तिच्याविषयी निकाल देण्याची आम्हां शिक्षकांस फार सवय असते. या खेपेस तरी ती मोडावी असे आम्ही ठरविले व पुढील चार रविवार त्यांच्या घरी जाऊन, त्या मुलासच गुरू करून, हा खेळ शिकलो.

खेळाचे नाव 'मॉन्स्टर हंटर : वर्ल्ड'. जपानातील कॅपकॉम कंपनीने या मालिकेतील पहिला खेळ २००४ साली काढला. प्रस्तुतचा खेळ २०१८ साली आला. यात खेळणारा शिकारी होतो. गावातील फलकावर कामगिऱ्या लागलेल्या असतात. त्यांतील एक पत्करून तो अरण्यात किंवा वाळवंटात जातो आणि एखाद्या प्रचंड, कल्पित श्वापदाशी सामना करतो. मुदत बहुधा पन्नास मिनिटांची. मार खाऊन शिकारी मूर्च्छित पडला की मांजरे त्यास हातगाडीवर घालून तळावर आणून टाकतात. तीन वेळा असे झाले की कामगिरी फसली. (पहिल्या रविवारी त्या मांजरांस आमच्यापायी यत्किंचितही विसावा मिळाला नाही.)

आता या श्वापदांस जिंकावे कसे? पालकांची अशी समजूत असते, आणि आमचीही होती, की बोटे भराभर आपटली म्हणजे झाले. प्रत्यक्षात भराभर बोटे आपटणारा येथे सर्वांत आधी पडतो. कारण असे की शस्त्र एकदा उगारले म्हणजे तो घाव पुरा होईपर्यंत शिकाऱ्यास सहसा हलता येत नाही. मोठी तलवार घेतली तर हा काळ चांगलाच लांबतो, आणि तेवढ्यात श्वापद वळले की संपले. म्हणून त्या वहीत पानोपानी 'एकच घाव' असे लिहिलेले होते. खेळात एकंदर चौदा प्रकारची शस्त्रे आहेत व प्रत्येकाची चाल निराळी. पण हावरेपणाची शिक्षा सर्वांस सारखीच.

दुसरी गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटली. पुष्कळ खेळांत शत्रूच्या डोक्यावर एक पट्टी असते व त्याची किती शक्ती उरली ते तीवरून कळते. या खेळात श्वापदाची शक्ती अशी दाखवीत नाहीत. ती श्वापदाकडे पाहूनच ओळखावी लागते. लाळ गळू लागली म्हणजे ते दमले. डोळे व चाल बदलली म्हणजे चवताळले. लंगडू लागले म्हणजे मरणाच्या दारी आले, आणि आता ते आपल्या गुहेकडे निजावयास जाईल. प्रत्येक हल्ल्यापूर्वीही काही ना काही खूण असते. मान मागे गेली, पाय घासला, पंख अर्धवट उघडले. जो ती खूण वाचतो तो वाचतो.

मग श्वापदागणिक युक्ती पालटते. राथालोस हा आग ओकणारा उडता नाग आकाशात असता त्याच्या डोळ्यांसमोर लखलखाट केला की तो खाली कोसळतो. दिआब्लोस वाळूखाली बुडी मारून येतो; तो वाळूत असता कर्कश आवाज केला तर गोंधळून अर्धा वर निघतो व अडकतो, परंतु चवताळलेला असेल तर या आवाजास भीक घालीत नाही. नर्गिगांटे नावाच्या श्वापदाच्या अंगावर काटे उगवतात. ते पांढरे आहेत तोवर मऊ असतात व तोडता येतात. काळे पडले की टणक होतात, त्यांवरून तलवार उसळून परत येते, आणि असे काळे काटे घेऊन ते वरून झेप घालते. तेव्हा शहाण्याने काटे पांढरे असतानाच ते तोडीत राहावे. याखेरीज निघण्यापूर्वी पोटभर जेवावे, आणि बोथट झालेल्या पात्यास मधूनमधून दगडावर धार लावावी. आमचा शिष्य हे दोन्ही नियम आम्हांस पुन्हा पुन्हा सांगे. प्रयोगशाळेत आम्ही त्यास परीक्षानळी धुवावयास इतक्याच वेळा सांगितले असेल.

श्वापदाची खोड ओळखून त्यास जिंकण्याची ही कल्पना काही जपानी लोकांनी नव्याने काढलेली नाही. ग्रीक पुराणात नेमियाच्या सिंहाचे कातडे कोणत्याही शस्त्राने भेदले जात नाही, हे कळताच हेराक्लीज शस्त्र टाकून त्याचा गळा आवळतो आणि पुढे त्याच सिंहाच्या नखांनी ते कातडे सोलतो. 'ॲसॅसिन्स क्रीड ओडिसी' या २०१८ सालच्याच दुसऱ्या एका खेळात तो सिंह, कॅलिडॉनचे रानडुक्कर, क्रीटचा बैल वगैरे आठ पौराणिक श्वापदे आणली आहेत.

आपल्या जिल्ह्यातही असा उद्योग झाला आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीने २०२० साली 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला व त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या पारितोषिकांत उत्तम पदार्पणाच्या खेळासाठी त्यास नामांकन मिळाले. यातील राजी ही जत्रेत कसरतीचे खेळ करणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावास पळवितात, आणि ती त्याच्या शोधार्थ निघते. तिला त्रिशूळ व धनुष्य मिळते खरे, परंतु तिचे खरे बळ तिच्या धंद्यात आहे. खांबास गिरकी घ्यावी, भिंतीवर धावत जाऊन वरून उडी टाकावी, आणि धिप्पाड असुराच्या समोर कधी उभे राहू नये. डोंबाऱ्याच्या खेळाकडे आपण इतकी वर्षे पाहतो. त्यात युद्धशास्त्र दडलेले असेल असे आमच्या कधी ध्यानात आले नव्हते.

तिसऱ्या रविवारी आम्ही प्रथमच अंजानाथास टेकीस आणले. ते लंगडत लंगडत झाडीतून आपल्या गुहेकडे निघाले आणि आम्ही तलवार घेऊन त्याच्या मागे. येथे, खरे सांगावयाचे तर, आमचा हात थबकला. एवढे मोठे जनावर पाय ओढीत घरी निजावयास चालले आहे, आणि आपण त्यास निजलेल्या ठिकाणी गाठणार! मुलाने आमच्याकडे पाहिले व म्हणाला, "सर, मारायचे नसेल तर पकडता येते." सापळा मांडावयाचा, श्वापद त्यात अडकले की गुंगीचे दोन गोळे फेकावयाचे; ते जिवंत सापडते आणि बक्षीस जवळजवळ तेवढेच मिळते. आम्ही तसे केले.

घरी परतताना मात्र दोन गोष्टी आमच्या मनात घोळू लागल्या. पहिली त्या फलकाची. श्वापद मारा आणि बक्षीस घ्या, असा फलक आपल्या देशातही एके काळी खरोखरीच लागलेला होता. इंग्रजी अमदानीत हिंस्र पशूंच्या शिरावर सरकारी इनामे असत. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांहून अधिक वाघ आणि दोन लक्षांवर लांडगे मारले गेले. आज तोच लांडगा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्यास मारणे हा गुन्हा होय.

दुसरी गोष्ट पकडण्याची. खेळात श्वापद पकडले की कामगिरी पुरी होते व पडदा पडतो. जुन्नरकडे २००१ च्या सुमारास उसातील बिबटे पिंजऱ्यात पकडून दूरच्या रानांत नेऊन सोडण्यात आले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या प्रकाराचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसून आले की बिबटे हलविण्यास आरंभ झाल्यावर माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले. जेथे सोडले त्या बाजूसही हल्ले सुरू झाले. परक्या मुलुखात टाकलेले जनावर कसे वागेल, याची वही कोणी लिहिलेली नव्हती. आपल्याकडेही कालव्याचे पाणी आले, माळ गेले, ऊस आला, आणि आता इंदापूर-बारामतीच्या उसातून बिबट्याची वार्ता येऊ लागली आहे. म्हणून हे पालकांनी ध्यानात घ्यावे. सांजवेळी मुलांस उसाच्या कडेला एकटे बसू देऊ नये, शेरडे-कोंबड्या बंदिस्त गोठ्यात ठेवाव्या, आणि बिबट्या दिसताच शंभर माणसांनी त्यास वेढा घालू नये. चवताळलेल्या श्वापदापाशी जाऊ नये हे नववीतल्या मुलाच्या वहीत दहा ठिकाणी लिहिलेले आहे.

हे सर्व आम्ही त्या मुलाजवळ बोललो, तेव्हा तो म्हणाला, "मग आजोबांना भेटा." त्याच्या आईचे वडील धनगर आहेत व कडबनवाडीच्या बाजूस मेंढरे राखतात. कडबनवाडीचा गवताळ माळ आपल्याच तालुक्यात आहे. तेथे चिंकारा आहे, खोकड आहे, आणि लांडगाही आहे. चौथा रविवार आम्ही संगणकाऐवजी त्या माळावर घालविला.

म्हातारबुवांनी आम्हांस वाघरीपाशी, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीपाशी, घोंगडी टाकून बसविले. लांडगा कसा येतो असे विचारताच त्यांनी जे सांगितले ते ऐकून नातवाने माझी वही, माझी वही, असे करून खिसे चाचपले. "मास्तर, लांडगा एकटा न्हाई येत. एक जण समोरनं कुत्र्यास्नी दिसतो आन् पळतो. कुत्री त्याच्या मागं. दुसरा खाली, ओढ्याच्या अंगानं. वारा कुठला हाय ते आधी बघायचं. कुत्री एकाच बाजूला भुंकाय लागली, की आपण उलट्या बाजूला बघायचं." गेल्या पावसाळ्यात दोन कोकरे गेली, असेही त्यांनी सांगितले. भरपाईसाठी वनखात्याकडे अर्ज केला का, असे आम्ही विचारले. एकदा केला होता, म्हणाले. नंतर कंटाळा केला. राग येत नाही का? "येतो की. पर त्याचीबी पोरं असत्यात." आणि थोड्या वेळाने, "माझ्या लहानपणी रातच्याला चारी अंगानं कोल्हेकुई आन् लांडग्याची हाळी यायची. आता कधीमधी."

याचे कारण त्यांस ठाऊक होते. माळ नांगरला जातो, कुंपणे पडतात, आणि मोकाट कुत्री वाढतात. या कुत्र्यांपासून लांडग्यास रोग लागतात; इतकेच नव्हे, तर आपल्या पुणे जिल्ह्यात लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचेही जनुकीय तपासणीत आढळले आहे. जे श्वापद दोन लक्ष मारूनही संपले नाही ते अशा रीतीने, कोणी न मारता, संपण्याच्या वाटेवर आहे.

अंधार पडल्यावर आम्ही निघणार तोच कुत्री एकाएकी उठून पश्चिमेस भुंकू लागली. म्हातारबुवा आमच्याशी बोलता बोलता शांतपणे उठले, काठी घेतली व पूर्वेच्या अंगास जाऊन उभे राहिले. मुलगा त्यांच्या शेजारी. आम्हांस काहीच दिसले नाही. मुलास मात्र ओढ्याच्या काठी काहीतरी हललेले दिसले, असे तो आजही शपथेवर सांगतो. बऱ्याच वेळाने कुत्री परत आली, आणि म्हातारबुवांनी मेंढरे मोजली. सर्व होती.

वडिलांस आम्ही आमचा निकाल कळविला : संगणक विकू नये, शाळेच्या दिवशी एक तास, तोही अभ्यास झाल्यावर, आणि भूगोलाच्या तासास ती वही घरी. त्यांनी तो मान्य केला. वही आम्ही मुलास परत दिली. परवा त्याने ती आपण होऊन आणून दाखविली. शेवटच्या पानावर 'लांडगा' असा मथळा आहे व खाली अद्याप चारच नोंदी आहेत. चौथी अशी : मेंढरे दोनदा मोजावी.