नाव एकाचं, हात दुसऱ्याचे

जुनी स्वस्त गिटार हाती आली की नजर पहिल्यांदा जाते ती खुंट्यांच्या वर छापलेल्या नावाकडे. ती कुणी घडवली याचा शोध तिथूनच भरकटतो. 'सिल्व्हरटोन' हे नाव गिटार घडवणाऱ्याचं नाही, विकणाऱ्याचं आहे. टपालानं माल विकणाऱ्या सिअर्स-रोबक या अमेरिकन कंपनीनं ते आपल्या वाद्यांना दिलं होतं. प्रत्यक्षात ती वाद्यं हार्मनी, के, डॅनइलेक्ट्रो अशा वेगवेगळ्या कारखान्यांतून येत.

यातला हार्मनी हा सर्वांत मोठा. विल्हेल्म शुल्ट्झ या जर्मन स्थलांतरितानं तो १८९२ मध्ये शिकागोत काढला. १९१६ मध्ये सिअर्सनं तो विकत घेतला आणि १९४० मध्ये तो पुन्हा स्वतंत्र झाला. १९३९ मध्ये न्यू जर्सीच्या ऑस्कर श्मिट कंपनीकडचं 'स्टेला' हे नावही हार्मनीकडे आलं. त्यामुळे एकाच नावाच्या दोन गिटारी दोन वेगळ्या घराण्यांच्या असू शकतात. ब्लूज गायक लेड बेलीच्या हातातली बारा तारांची प्रसिद्ध स्टेला श्मिटच्या घराण्यातली. साठच्या दशकात शाळकरी पोरांनी शिकायला घेतली ती बर्चच्या लाकडाची स्टेला मात्र शिकागोची.

मग ओळख पटवायची कशी? तारा सैल करायच्या, बॅटरी आणि छोटा आरसा घ्यायचा आणि गिटारीच्या पोटात डोकवायचं. हार्मनीच्या गिटारीत मागच्या फळीवर शाईचे शिक्के सापडतात. एका शिक्क्यात काही आकडे, मग इंग्रजी 'एच' आणि त्यापुढे मॉडेलचा क्रमांक असतो. 'एच ९२९' दिसलं, तर ती छोटी स्टेला. दुसरा शिक्का 'एफ' किंवा 'एस' या अक्षराचा, पुढे वर्षाचे दोन आकडे. अक्षर हंगामाचं मानतात. शाई पुसली असेल तर जुन्या कॅटलॉगांतली चित्रं कामी येतात. पण खुंट्या, घोडी, तारा अडकवायची पट्टी हे भाग मधल्या काळात बदललेले असू शकतात. म्हणून एकाच खुणेवर भिस्त ठेवायची नाही.

महागड्या गिटारी घडवणाऱ्या मार्टिन कंपनीनं १८९८ पासून आपल्या गिटारींना अनुक्रमांक दिले. तो आकडा पाहिला की वाद्याचं वर्ष कळतं. स्वस्त गिटारीच्या वाट्याला असा एकेका वाद्याचा जन्मदाखला आला नाही, कारण ती एकेक करून नव्हे, ढिगानं घडत होती. १९६४-६५ च्या भरात हार्मनीनं साडेतीन लाख वाद्यं विकली. पुढे दहा वर्षांतच, १९७५ मध्ये, कारखाना बंद पडला.

काटकसर या स्वस्त गिटारीच्या अंगभर दिसते. 'एच ९२९'चं लाकूड बर्चचं. कडेची किनार जडवलेली नाही, रंगवलेली. वरच्या फळीला आतून दिलेला आधार शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या पट्ट्यांचा. महागड्या गिटारींत त्या फुलीसारख्या एकमेकींना छेदतात. घोडी फळीवर नुसती टेकलेली असते आणि तारांचा ताण बुडाशी बसवलेली धातूची पट्टी पेलते. यातूनच तो कोरडा, चटकन विझणारा, थेट बोलणारा आवाज येतो. ब्लूजच्या चाहत्यांना आज तो मुद्दाम हवा असतो.

वंश शोधण्याचं खरं मोल इथं कळतं. गिटारीची जात ठाऊक नसली, तर एखादा भला माणूस सुधारणा म्हणून तिच्यावर घोडी चिकटवतो आणि जाड तारा चढवतो. तो ओढा सोसायला आतल्या आडव्या पट्ट्या घडवलेल्याच नसतात. फळी घोडीमागं फुगते, पुढं खचते. जात कळली की आपण बारीक तारा लावतो, सूर थोडे उतरवतो, घोडी जागच्या जागी ठेवतो. ज्यांची नावं कुठल्याच वहीत उरली नाहीत, त्या शिकागोच्या कामगारांनी जेवढा भार योजला होता तेवढाच भार आपण त्या फळीवर टाकतो. अशी सांभाळलेली गिटार साठ वर्षांनीही वाजते.