जुन्या पोस्टकार्डांतील वस्तूंची ओळख

मुंबईतील चाळींच्या माळ्यांवर आणि रद्दीच्या दुकानांत जुनी छायाचित्र-पोस्टकार्डे आजही सापडतात. त्यांवरील मथळा छापणाऱ्याने आपल्या गिऱ्हाइकासाठी लिहिलेला असतो. हा रस्ता, ही गिरणी, हे देशी लोक, याहून अधिक तो सहसा सांगत नाही. त्यापलीकडचे जाणून घ्यावयाचे असेल, तर चित्रातील वस्तूंनाच विचारले पाहिजे. ते कसे, याचा विचार आम्ही येथे थोडक्यात करीत आहोत.

प्रथम कार्ड भिंगाखाली धरावे. ठिपक्यांची नियमित जाळी दिसली, तर ते छापखान्यातील मुद्रण होय. छटा अखंड असतील, तर तो मूळ फोटो असण्याचा संभव अधिक. जुन्या रंगीत कार्डांच्या रंगांवर विसंबू नये. मूळ छायाचित्र बहुधा कृष्णधवल असे व रंग मागाहून चढविले जात. मागील तिकीटही पाहावे. सातव्या एडवर्डचे तिकीट १९०२ पूर्वीचे नसते आणि पाचव्या जॉर्जचे १९११ पूर्वीचे नसते. मात्र टपालाचा शिक्का कार्ड केव्हा धाडले एवढेच सांगतो; फोटो त्याहून कितीतरी जुना असू शकतो.

यानंतर चित्रातील सर्वांत नवी वस्तू शोधावी, कारण फोटो तिच्याआधीचा असू शकत नाही. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली आली, विजेची १९०७ साली आणि दुमजली ट्राम १९२० साली. ट्रामचा थोडाच भाग दिसत असेल, तर वर पाहावे. रुळांवरून त्यांच्याच दिशेने जाणारी वीजतार दिसली, की तो फोटो घोड्यांच्या ट्रामच्या काळातील नव्हे. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली, ‘दादर टी. टी.’ या नावात मात्र ट्राम टर्मिनस अद्याप टिकून आहे.

एखादी वस्तू दोन्ही बाजूंनी काळ बांधून देते. काळा घोडा येथील सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १८७९ साली उभारला गेला व १९६५ साली तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. आज तेथे जो घोडा आहे, तो २०१७ साली बसविलेला असून त्यावर स्वार नाही. म्हणून त्या चौकात स्वारासह घोडा दिसला, तर फोटो या दोन वर्षांच्या दरम्यानचा ठरतो.

परंतु काळ ठरला म्हणजे काम संपले असे नव्हे. परळ-लालबागच्या गिरणीच्या आतील चित्र घ्या. लांबलचक चौकटीवर उभ्या चात्यांच्या रांगा असतील, तर ते सूतकताईचे खाते. ताण्याचे सूत व विणले जाणारे कापड दिसत असेल, तर ते साचे, म्हणजे माग. हा भेद केवळ यंत्रांचा नाही. मागाच्या धोट्यात नवी कांडी घालताना सुताचे टोक तोंडाने ओढून छिद्रातून बाहेर काढावे लागे. या निमित्ताने विटाळाचे कारण पुढे करून अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यापासून दूर ठेवले जाई. ते खाते अधिक पगाराचे होते. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे मांडला. चित्रावरून कोणा एका चेहऱ्याची जात सांगता येत नाही, सांगूही नये. पण यंत्राची ओळख चुकली, तर दार कोणासाठी उघडे होते आणि कोणासाठी बंद, हा प्रश्नच आपल्या ध्यानात येणार नाही. हातभर लांबीचा एक लाकडी धोटा एवढे सांगून जातो. मथळा यातले काहीच सांगत नाही.

असे चित्र हाती आले, तर ज्यांनी गिरणीत काम केले त्यांना ते अवश्य दाखवावे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या. त्या खात्यांत राबलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत. ते जी नावे सांगतील, ती त्यांच्याच शब्दांत वेगळ्या कागदावर टिपावीत. कार्डावर शाईने काही लिहू नये. कागदावर तारीख आणि सांगणाऱ्याचे खाते नोंदवून तो कार्डासोबत जपून ठेवावा.